वुडब्रिजला जायचं तर आधी भरतीची वेळ बघा

वुडब्रिजचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले तर ते एकाच गावाचे आहेत यावर विश्वास बसत नाही. एकात नदी काठोकाठ भरलेली, पांढऱ्या फळ्यांची उंच गिरणी पाण्यात उलटी दिसतेय, होड्या सरळ उभ्या डुलतायत. दुसऱ्यात राखाडी चिखल, त्यावर एका कुशीवर कललेल्या होड्या आणि मधून वाहणारा एक बारीक ओहोळ. जागा तीच असते, दिवसही तोच असू शकतो. फरक असतो तो फक्त सहा तासांचा.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सफोक परगण्यात, डीबेन नदीच्या काठी हे जुनं बंदर आहे. समुद्र इथून दिसत नाही. नदीच्या वळणांनी मोजलं तर तो पंधरा किलोमीटरच्या आसपास दूर आहे, पण दिवसातून दोनदा तो गावाच्या उंबरठ्याशी येऊन जातो. इथलं लोणी आणि चीज त्या पाण्यावरून बाहेर गेलं, सतराव्या शतकात इथे इंग्रज आरमारासाठी जहाजं बांधली गेली, गिरणीचं दळणसुद्धा त्या पाण्यावर चालायचं. म्हणून सहलीची आखणीही त्याच पाण्यावरून करा. आधी भरतीची वेळ काढायची, मग तारीख ठरवायची आणि मग गाडीचं तिकीट. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात आणि चिखल पाहून हिरमुसतात.

भरतीची वेळ कशी काढायची

वेळापत्रक शोधताना 'वुडब्रिज' आणि 'वुडब्रिज हेवन' अशी दोन नावं दिसतील. ती एक नव्हेत. हेवन म्हणजे नदीचं मुख, फेलिक्स्टो फेरी या वस्तीजवळचं. तिथली भरती गावापर्यंत चढायला सुमारे पाऊण तास लागतो. हातात हेवनचे आकडे असतील तर त्यात पाऊण तास मिळवा.

दुसरी चूक याहून जास्त लोकांची होते. ब्रिटनमधली बरीच भरतीची कोष्टकं वर्षभर ग्रिनिच वेळेत छापलेली असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात. कोष्टकावर 'जीएमटी' (ग्रिनिच वेळ) लिहिलं असेल आणि तुम्ही जुलैत जात असाल, तर आणखी एक तास मिळवायचा. वेळ आधीच दुरुस्त करून दिली असेल तर 'बीएसटी' (ब्रिटिश उन्हाळी वेळ) लिहिलेलं असतं. हा एक तास चुकला की गिरणीचं फिरतं चाक हमखास हुकतं.

कोष्टक हाती नसताना महिना-दोन महिने आधी तारीख धरायची असेल, तर भिंतीवरची मराठी दिनदर्शिका पुरेशी आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास वुडब्रिजला पूर्ण भरती दुपारी येते, हिवाळ्यात साडेबारा-एकच्या आगेमागे आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे असल्यामुळे दीड-दोनच्या सुमारास. सप्तमी-अष्टमीला याच्या उलट. तेव्हा भरती सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते, दुपारी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, असते. कोकणातला 'तिथीची पाऊणपट' (तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा तास) हा ठोकताळा तुम्हाला येत असेल तर तो इथे हिवाळ्यात साधारण एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास पुढे सरकवा. हा अदमास आहे, तास-अर्धा तास इकडेतिकडे होतोच. निघण्याच्या आठवड्यात खरं कोष्टक बघायचंच.

रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. त्यामुळे शनिवारची वेळ जमत नसेल तर रविवारची जमेल का, हे मनातल्या मनात करता येतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हा फरक बराच कमी असतो. काठोकाठ भरलेली नदी बघायची असेल तर उधाणच गाठा.

गिरणी: भरतीला सुंदर, सुकतीला चालू

गावाची खरी शान म्हणजे भरतीवर चालणारी पाणचक्की. या जागी गिरणी असल्याची पहिली नोंद ११७० सालची आहे. आजची इमारत अठराव्या शतकाच्या अखेरची. १९५७ साली चाकाचा ओकच्या लाकडाचा जाड आस मोडला आणि दळण थांबलं. तोवर ब्रिटनमध्ये भरतीवर चालणारी दुसरी गिरणी उरलेली नव्हती. १९६८ मध्ये ती मोडकळीस आलेली असताना विकत घेऊन वाचवली गेली, १९७३ मध्ये लोकांसाठी उघडली. मग २०११ मध्ये नवं चाक आणि नवी यंत्रणा बसवली, आणि आता तिथे पुन्हा पीठ निघतं.

तिचं तंत्र आधी समजून घेतलं तर तिथला वेळ दुपटीने सार्थकी लागतो. भरतीचं पाणी चढतं तेव्हा त्याच्या दाबाने तळ्याची एकमार्गी झडप आत उघडते आणि तळं भरतं. ओहोटी लागली की तळ्यातलं पाणीच त्या झडपेला बाहेरच्या बाजूला दाबतं आणि ती मिटते. पाणी कोंडलं गेलं. पण चाक लगेच फिरवता येत नाही, कारण नदीचं पाणी अजून चाकाच्या पात्यांपर्यंत आहे. बुडालेली पाती पाण्यालाच ढकलत बसतात आणि सगळी ताकद तिथे जाते. नदी उतरून चाकाचा तळ मोकळा झाला की मगच दार उचलून तळ्यातलं पाणी चाकावर सोडतात. पुढची भरती चाकाला लागेपर्यंत दळण चालतं.

म्हणजे ज्या वेळी गिरणीचं प्रतिबिंब पाण्यात सुरेख दिसतं, त्या वेळी चाक स्थिर असतं. चाक फिरतं ते सुकतीच्या आसपास, जेव्हा बाहेर चिखल असतो. दोन्ही एका वेळी बघता येत नाहीत. जुन्या काळी गिरणीवाल्याचं सगळं आयुष्य याच चक्रात बांधलेलं होतं. दिवसातून दोनदा दळण, आणि दोन्ही वेळा रोज पन्नास मिनिटांनी पुढे सरकणाऱ्या. कधी पहाटे तीनला, कधी ऐन दुपारी.

पूर्वी गिरणीचं तळं सुमारे सात एकरांचं होतं. त्या जागी आता यॉटचा धक्का आहे, गिरणीमागे दिसणारी डोलकाठ्यांची दाटी ती हीच. गिरणीसाठी नंतर अर्ध्या एकराचं छोटं तळं खणलं. पाणी कमी, म्हणून चाकही थोडाच वेळ फिरतं. चाक फिरवण्याच्या वेळा गिरणीच्या संकेतस्थळावर तारखेनुसार दिलेल्या असतात. त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी आत असा. आधी तळमजल्यावर चाकाजवळ थांबा, दार उचलण्याचा क्षण बघा, आणि चाकाने वेग घेतला की जात्याच्या मजल्यावर जा. पायाखालची जमीन थरथरायला लागते ते तिथे कळतं. आतले जिने अरुंद आणि शिडीसारखे उभे आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तळमजल्यावरच समाधान मानावं, महत्त्वाचा भाग तिथून दिसतो. हिवाळ्यात गिरणी बंद असते, उघडण्याचा काळ साधारण वसंत ते शरद. नेमक्या तारखा दरवर्षी तपासा.

तिथे विकत मिळणारं पीठ दगडी जात्याचं, कोंड्या-अंकुरासकट असतं. अंकुरातल्या तेलामुळे ते मैद्यासारखं महिनोन्‌महिने टिकत नाही, खवट होतं. लहान पिशवीच घ्या आणि हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवा.

लंडनहून पोचणं

लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून नॉरिचच्या दिशेची गाडी पकडायची, सुमारे सत्तर मिनिटांत इप्सविच. तिथे उतरून लोस्टॉफ्टकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसायचं, वीसेक मिनिटांत वुडब्रिज. जोडणी नीट मिळाली तर एकूण पावणेदोन तासांच्या आत-बाहेर.

अडचण होते ती इप्सविचला. लोस्टॉफ्टची गाडी साधारण तासाला एक. ती चुकली तर तासभर फलाटावर. शिवाय फेलिक्स्टोची गाडीही तिथूनच सुटते आणि सुरुवातीला त्याच रुळांवरून जाते. घाईत लोक तिच्यात चढतात. तसं झालंच तर पुढच्याच वेस्टरफील्ड स्थानकात उतरा, त्यानंतर रूळ वेगळे होतात.

तिकीट लंडन ते वुडब्रिज असं एकसंध काढा. पहिल्या गाडीला उशीर होऊन जोडणी चुकली तर एकसंध तिकिटावर पुढच्या गाडीने जाता येतं आणि पंधरा मिनिटांहून जास्त उशिराची भरपाई कंपनीकडे मागता येते. 'ॲडव्हान्स' तिकीट स्वस्त असतं पण ठरल्या गाडीलाच चालतं. जाताना ते घ्यायला हरकत नाही. परतीसाठी मात्र 'ऑफ-पीक' (गर्दीची वेळ सोडून कोणत्याही गाडीला चालणारं) बरं, कारण संध्याकाळची भरती बघत थांबावंसं वाटलं तर हातात मोकळीक हवी. दोघे मिळून जात असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्डवर एक तृतीयांश सवलत मिळते. दोघांनी बरोबरच प्रवास करायचा आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाडीला ते चालत नाही. लंडनमध्ये सवय झालेली असते म्हणून ऑयस्टर (लंडनच्या वाहतुकीचं कार्ड) किंवा बँकेचं कार्ड टॅप करून गाडीत बसू नका. ते इप्सविचपर्यंत चालत नाही आणि दंड भरावा लागतो.

रविवारी रुळांची कामं काढतात आणि काही टप्पा गाडीऐवजी बसने करावा लागतो. रविवारचीच तारीख असेल तर आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

स्थानक अगदी नदीला खेटून आहे. १८५९ साली रेल्वे आली तेव्हा रूळ गाव आणि धक्का यांच्या मधूनच टाकले गेले. माल रेल्वेने जायला लागला तसा बंदराचा व्यापार ओसरला. त्याचा आजचा परिणाम इतकाच की नदीवर जायला रूळ ओलांडावे लागतात. काही ठिकाणी फक्त पादचाऱ्यांसाठी फाटकं आहेत. दिवा आणि पाटी बघा, दोन्ही बाजूंना नजर टाका, लहान मुलांचा हात सोडू नका.

सटन हू: दोन्ही काठांची एकच गोष्ट

नदीच्या पलीकडच्या उंचवट्यावर सटन हू आहे. १९३९ च्या उन्हाळ्यात, महायुद्ध तोंडावर आलेलं असताना, एडिथ प्रिटी या जमीनमालकिणीने बेझिल ब्राउन या स्थानिक उत्खननकाराकडून आपल्या शेतातले मातीचे ढिगारे उकरून घेतले. एकाखाली सातव्या शतकाच्या सुरुवातीचं सत्तावीस मीटर लांबीचं जहाज निघालं, आणि त्यात एका राजाची दफनाची ठेव: शिरस्त्राण, सोन्याचे आणि गार्नेट या लाल रत्नाचे अलंकार, चांदीची भांडी. तो राजा बहुधा पूर्व अँग्लियाचा रेडवल्ड. जहाजाचं लाकूड मात्र उरलं नव्हतं. तिथल्या आम्ल वाळूने ते खाऊन टाकलं होतं. राहिल्या होत्या त्या लोखंडी रिव्हेटांच्या रांगा आणि वाळूत उमटलेला जहाजाचा ठसा.

इथे येणाऱ्यांची मोठी निराशा एकाच गोष्टीने होते, ती म्हणजे खरं शिरस्त्राण इथे नाही. एडिथ प्रिटी यांनी सगळी ठेव राष्ट्राला देऊन टाकली आणि ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, ४१ क्रमांकाच्या दालनात आहे. तिथे प्रवेश मोफत आहे. इथे आहेत त्या उत्तम प्रतिकृती. म्हणून क्रम असा ठेवा: लंडनमध्ये आधी ते दालन बघा, दुसऱ्या दिवशी सटन हूला या. वस्तू डोळ्यांत ताज्या असताना जागा बघितली की ती बोलते.

सटन हूच्या समोर नदीवर पूल नाही. सगळ्यात जवळचा पूल मेल्टनचा, विल्फर्ड ब्रिज. जायचे दोन मार्ग आहेत. एक, वुडब्रिजच्या पुढच्याच मेल्टन स्थानकावर उतरून सुमारे दोन किलोमीटर चालणं. तिकीट ऑनलाइन काढताना 'मेल्टन' सफोकचं आहे ना ते बघा, लेस्टरशरमधल्या मेल्टन मोब्रेशी गल्लत होते. दोन, वुडब्रिजच्या गिरणीपासून नदीच्या बांधावरून वर मेल्टनकडे, पूल ओलांडून पुढे चढ. हा रस्ता पाच किलोमीटरच्या आसपास, सव्वा ते दीड तास. पुलानंतर वाहतुकीच्या रस्त्याला लागून चालावं लागतं, तिथे एकामागोमाग चाला. मेल्टन स्थानकाबाहेर टॅक्सी उभी मिळेल असं धरू नका. हवी असेल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

आत शिरल्यावर सगळ्यांचे पाय आपोआप ढिगाऱ्यांकडे वळतात. तसं करू नका. आधी प्रदर्शनाचं दालन, मगच दफनभूमी. आधी ढिगारे बघितले तर गवताचे उंचवटे दिसतात, आणखी काही नाही. त्यातला एक उंच आहे, तो मुद्दाम मूळ उंचीचा अंदाज बांधून पुन्हा रचलेला आहे. बाकीचे शतकानुशतकांच्या नांगरटीने आणि खजिना शोधणाऱ्यांच्या खणण्याने बसले. एका ढिगाऱ्यात १९९१ मध्ये एक तरुण योद्धा आणि शेजारच्या खड्ड्यात त्याचा घोडा सापडला. प्रदर्शनात त्याची माहिती वाचून ठेवा आणि मग तो ढिगारा शोधा.

तिथला सतरा मीटर उंचीचा मनोरा मात्र चुकवू नका. वरून दोन गोष्टी एका नजरेत येतात: ढिगाऱ्यांची मांडणी आणि खाली चमकणारी डीबेन. सत्तावीस मीटरचं जहाज त्या पाण्यातून या टेकाडावर ओढत आणलं होतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तो चढ डोळ्यांनी मापणं वेगळं. मनोरा त्या दिवशी उघडा आहे का, ते तिकीटखिडकीवरच विचारा. सटन हूची देखभाल नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे आहे. ट्रस्टच्या सभासदांना प्रवेश वेगळा पडत नाही. निवांत बघायला तीन तास लागतात.

आणि परत नदीच्या अलीकडे, गिरणीच्या जवळच व्हिस्टॉक्स प्लेस या जुन्या बोटबांधणीच्या जागेवर लाँगशेड नावाची लांबलचक शेड आहे. वाळूतल्या त्या ठशाच्या मोजमापांवरून स्वयंसेवकांनी तेच जहाज पुन्हा बांधायला घेतलं ते इथे. पूर्ण आकाराचं, ओकच्या फळ्यांचं, लोखंडी रिव्हेटांनी सांधलेलं. कुऱ्हाडीने तासलेली फळी जवळून बघा. करवतीने कापलेल्या फळीत लाकडाचे धागे तुटतात, तर फोडून तासलेल्या फळीत ते लांबवर सलग राहतात. म्हणून फळी पातळ असूनही वाकते, मोडत नाही. जहाजाचं काम कुठवर आलंय, ते शेडमध्ये आहे की पाण्यात, आणि शेड कोणत्या दिवशी उघडी असते, हे निघण्याआधी विचारून घ्या. गावाचं संग्रहालयही याच आवारात आहे.

वरचं गाव

नदीकडून चर्च स्ट्रीटने चढत गेलात की दहा-पंधरा मिनिटांत मार्केट हिलचा चौक लागतो. मधोमध उभी असलेली लाल विटांची इमारत म्हणजे शायर हॉल. पहिल्या एलिझाबेथच्या दरबारातला कायद्याचा अधिकारी थॉमस सेकफर्ड याने ती १५७५ च्या सुमारास बांधवली. इंग्लंडच्या परगण्यांचा पहिला नकाशासंग्रह करणाऱ्या क्रिस्टोफर सॅक्स्टनला पैसा पुरवणारा माणूस हाच. गावातल्या वृद्धांसाठी त्याने धर्मशाळा काढली आणि तिच्या खर्चासाठी लंडनच्या क्लार्कनवेल भागातली आपली जमीन लावून दिली. त्या भागात सेकफर्ड स्ट्रीट आणि वुडब्रिज स्ट्रीट अशी नावं आजही आहेत.

शेजारीच सेंट मेरी चर्च. त्याच्या भिंतींजवळ उभं राहून बघा: फोडलेल्या गारगोटीचे काळे चकचकीत तुकडे फिक्या दगडाच्या चौकटीत बसवून नक्षी केलेली आहे. सफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही. जमिनीत सापडते ती गारगोटी, मग कारागिरांनी तिचंच सोनं केलं. ऊन तिरपं असताना ही नक्षी जास्त उठून दिसते.

चौकातून न्यू स्ट्रीटने उतरा. तिथे एका जुन्या पबच्या भिंतीतून रस्त्यावर एक लाकडी सांगाडा पुढे आलेला दिसतो. तो एक प्रचंड काटा आहे: एका टोकाला साखळ्यांनी भरलेली गाडी उचलायची आणि दुसऱ्या लांब दांडीवर वजन सरकवत तोल साधायचा. अडीच टनांपर्यंतच्या गाड्या त्यावर तोलल्या जात. खाली थरोफेअर हा दुकानांचा मुख्य रस्ता आहे, तिथे अर्धा तास पुरे.

उमर खय्यामच्या रुबाया इंग्रजीत आणणारे एडवर्ड फिट्झजेराल्ड याच गावात राहिले. माधव जूलियनांमुळे मराठी वाचकाला खय्याम परका नाही, म्हणून हे सांगायचं. फिट्झजेराल्ड यांची कबर इथे नसून काही किलोमीटरवरच्या बूल्ज या खेड्यातल्या चर्चच्या आवारात आहे. तिथे जायला गाडी किंवा सायकल लागते. केवळ पायी सहल असेल तर तो नाद सोडा.

दिवस कसा लावायचा

भरती दुपारी असेल तर सरळ मेल्टनला उतरा. सटन हू उघडताच आत जा, दुपारी तिथून निघून विल्फर्ड ब्रिजवरून नदीकाठाने खाली वुडब्रिजकडे चाला. पाणी चढत असताना किंवा नुकतं भरलेलं असताना गिरणी समोर येते. या दिशेने चालण्यासारखं दुसरं सुख इथे नाही. भरती टिपेला असते तेव्हा अर्धा तास पाणी हललेलं कळत नाही, प्रतिबिंब तेव्हाच स्वच्छ मिळतं. वारा असेल तर मात्र नाही. या दिवशी फिरतं चाक बहुधा हुकेल, कारण ते मोकळं होईपर्यंत गिरणी बंद व्हायची वेळ येते.

दुपारी सुकती असेल तर वुडब्रिजलाच उतरा. आधी वरचं गाव, मग चाकाच्या वेळेला गिरणी, मग लाँगशेड. सटन हू दुपारनंतर करायचं तर मेल्टनपर्यंत एक स्थानक गाडीने जा आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ आधी बघून ठेवा. लहान मुलं बरोबर असतील तर हाच दिवस निवडा. चाक फिरताना बघणं त्यांना कुठल्याही प्रतिबिंबापेक्षा आवडतं.

पक्ष्यांसाठी येणाऱ्यांनी सुकतीचीच वेळ धरावी. स्थानकाकडून नदीच्या खालच्या अंगाला, बांधावरून कायसन पॉइंटपर्यंत चाला, जाऊन-येऊन दीड-दोन तास. हिवाळ्यात चिखलावर वर वळलेल्या चोचीचे उचाट्या, लाल पायांचे टिलवे आणि ब्रेंट गूज जातीचे छोटे हंस दिसतात. उधाणात या वाटेचा सखल भाग ओला आणि निसरडा होतो, टाच धरणारे बूट हवेत.

चिखलावर मात्र पाऊल टाकू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. वरून घट्ट दिसतो पण आत मऊ असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि उपसताना पोकळीमुळे तो आणखी घट्ट ओढला जातो. त्यात पाणी चढत असतं. कोणी अडकलंच तर त्याला मागे रेलून, जवळजवळ आडवं होऊन भार पसरायला सांगा, पाय हळूहळू हलवत सोडवायला सांगा. स्वतः आत जाऊ नका. ९९९ लावून 'कोस्टगार्ड' मागा.

जेवणाची वेळ सांभाळा. बऱ्याच पबची स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचला बंद होतात ती संध्याकाळी सहाला उघडतात. मधल्या वेळात चहा-केकवर भागवावं लागतं. सोमवारी बरीच ठिकाणं बंदच. भरती दीडला असेल तर बाराला जेवून घ्या.

उजेडाचा हिशोबही लागतो. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, जूनमध्ये नऊ वाजून गेल्यावर. म्हणून जून-जुलैतली अष्टमी ही जाणत्यांची तारीख: दुपारी फिरतं चाक आणि संध्याकाळी सात-आठला, तिरप्या उन्हात, भरलेली नदी. परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा आणि त्यातल्या आधीच्या गाडीचा बेत करा. स्थानकावर रुळांवरून जाणारा पादचारी पूल आहे, पाणी तिथून चांगलं दिसतं. गाडीच्या दहा मिनिटं आधी फलाटावर असा, पण त्याआधीचा वेळ त्या पुलावर काढा.